आईच्या गाडीच्या बॉनेटला गॅस स्ट्रट बसवावेत का?

रानपाखरू

नमस्कार मंडळी, प्रश्न आईच्या गाडीचा आहे. आई ६४ वर्षांची, गाडी स्वतः चालवते आणि स्वतःच सांभाळते पण. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून डिपस्टिक पुसून बघणार, कूलंट बघणार, वायपरचं पाणी भरणार, हे गेली कित्येक वर्षं न चुकता चालू आहे आणि त्यात दुसऱ्या कोणी हात घातलेला तिला चालत नाही.

मागच्या महिन्यात बॉनेट उघडं असताना समोरून वाऱ्याचा झोत आला, बॉनेट जरासं वर उचललं गेलं, त्याला टेकू देणारी दांडी खाचेतून सुटली आणि सगळं बॉनेट तिच्या हातावर आलं. हाड मोडलं नाही पण मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं झालं होतं, सूज उतरायला दोन आठवडे लागले. त्यात डावा खांदा आधीच आखडलेला, हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणजे एका हाताने बॉनेट धरायचं आणि दुसऱ्या हाताने दांडी काढून खाचेत बसवायची हे तिला आताशा जड जातं. ती बोलत नाही पण मी बघितलंय, काम करता करता मधेमधे दांडीकडे बघत असते.

त्या मॉडेलसाठी तयार किट मिळतंय, दोन स्ट्रट (डिकीला असतात तसले, आतल्या गॅसच्या दाबाने बॉनेट वर धरणारे), ब्रॅकेट, ड्रिल मारायची गरज नाही असं लिहिलंय, स्ट्रटवर ४०० न्यूटन (जोराचं माप) लिहिलंय. गॅरेजवाले म्हणाले लावून टाका, सगळेच लावतात. पण कंपनीने जी गोष्ट दिलेली नाही ती लावताना पत्रा वाकणं, बिजागरी ढिली होणं असलं काही होतं का, आणि आईला ते खरंच सोपं पडेल का, हे मला आधी समजून घ्यायचंय. ज्यांनी लावलेत त्यांनी आणि ज्यांनी मुद्दाम लावले नाहीत त्यांनीही सांगा.

पाना_पक्कड

ताई, आईंचा हात आता बरा आहे ना? आधी एक काम करा, स्ट्रट लावा नाहीतर लावू नका, दांडीच्या बुडाला जी प्लास्टिकची बुशी असते ती बघा. इंजिनच्या उष्णतेने ती कडक होते, चिरते, मग दांडी बुडाशी लटलट हलते आणि वरचं टोक खाचेत नीट बसत नाही. बोटाने दांडी डावीउजवीकडे हलवून बघा, खळखळ आवाज आला तर बुशी गेली. बदलायला दोन मिनिटं लागतात. बऱ्याचदा बॉनेट पडण्याचं मूळ तिथेच असतं आणि लोक दांडीलाच दोष देतात.

आणि समोरून वारा आला की दांडी सुटणारच, कारण ती फक्त खालून टेकू देते, बॉनेटला खाली ओढून धरत नाही. बॉनेट बोटभर वर गेलं की टोक खाचेबाहेर. स्ट्रट दोन्ही टोकांना ब्रॅकेटवरच्या गोल बॉलवर क्लिपने अडकलेला असतो, तो वरही जाऊ देत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते स्ट्रट असता तर झालं नसतं, हे मान्य करायलाच हवं.

साधी_दांडी

मी विरोधात आहे आणि का ते सांगतो. दांडी म्हणजे एक वाकवलेली सळई, ती म्हातारी होत नाही, तिच्यातून काही गळत नाही, थंडीत कमजोर पडत नाही. स्ट्रट ही संपणारी वस्तू आहे. आतला नायट्रोजन सीलमधून हळूहळू निघून जातो, काही वर्षांनी एका सकाळी बॉनेट अर्ध्यावरून खाली येतं आणि तोपर्यंत तुम्हाला सवय झालेली असते की ते वरच राहतं. डिकीचे शॉक गेलेली गाडी ज्याने वापरलीय त्याला माहिती आहे, डोक्यावर आदळेपर्यंत कळत नाही. दांडीबद्दल माणूस सावध असतो, स्ट्रटबद्दल नसतो.

बुशी बदला, वारा असेल तेव्हा गाडी आडोशाला लावा, झालं.

हिरवा_दिवा

मी लावले होते आणि बॉनेट खराब करून घेतलं, म्हणून लिहितोय. किट ऑनलाइन मागवलं, तुमच्या गाडीला बसेल असं लिहिलं होतं, ब्रॅकेट खरंच बसले, बॉनेट उघडून बघितलं, मस्त सावकाश वर गेलं. खुश होऊन नेहमीसारखं एक वीतभर उंचीवरून सोडलं. लॉक झालं नाही. परत उचलून जरा जोराने दाबलं, तेव्हा लॉक झालं पण कट् असा आवाज आला. उजेडात तिरकं बघितलं तर दोन्ही कडांना, बरोबर जिथे वरचा बॉल होता तिथे, पत्रा आतून बाहेर आल्यासारखा फुगलेला, बोट फिरवलं की हाताला लागत होता.

नंतर मोजल्यावर कळलं, स्ट्रट पूर्ण दाबला तरी त्याची लांबी जितकी राहत होती त्यापेक्षा बंद बॉनेटमधल्या दोन बॉलमधलं अंतर ६ मिमी कमी होतं. म्हणजे स्ट्रट आत जाऊन जाऊन टेकला आणि उरलेले ६ मिमी मी माझ्या हाताच्या जोराने पत्र्यातून काढले. बॉनेट दोन्हीकडे फुगलं ते कायमचं. तेव्हा ताई, ‘बसेल’ या शब्दावर जाऊ नका, बंद अवस्थेतलं अंतर मोजल्याशिवाय एकदाही बॉनेट दाबू नका.

रानपाखरू

बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण बॉनेट बंद असताना आतलं अंतर मोजायचं कसं? हात जाणार नाही.

हिरवा_दिवा

पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या घ्या, एकीवर दुसरी ठेवून रबरबँडने घट्ट बांधा पण सरकतील इतपत. एक टोक खालच्या बॉलला, दुसरं वरच्या बॉलला चिकटपट्टीने लावा. बॉनेट हळू बंद करा, पट्ट्या एकमेकींवर सरकतात. पुन्हा उघडताना त्या परत लांबू नयेत म्हणून बंद करण्याआधी खालच्या पट्टीवर एक कागदाचा तुकडा चिमट्यासारखा अडकवा, वरची पट्टी त्याला ढकलत नेते आणि तो शेवटच्या जागी राहतो. मी हे शिकलो पण पत्रा फुगल्यानंतर.

मोजून_मापून

रानपाखरू, प्रश्न चांगला विचारलात, पण ‘लावू का’ याच्या आधी ‘किती न्यूटनचा’ हे ठरवावं लागेल, कारण ४०० ऐकून मला काळजी वाटतेय. जरा सविस्तर लिहितो.

गॅस स्ट्रटमध्ये बंद नळी असते, आत दाबाने भरलेला नायट्रोजन आणि थोडं तेल. पिस्टनला बारीक भोक असतं त्यामुळे गॅस दोन्ही बाजूंना सारख्याच दाबाचा असतो, तरी रॉड बाहेर ढकलला जातो, कारण रॉडने जेवढी जागा अडवलीय तेवढ्या बाजूला गॅसचा दाब लागत नाही. म्हणजे जोर ठरतो तो रॉडच्या आडव्या छेदावर. ८ मिमीचा रॉड म्हणजे साधारण ५० चौरस मिमी, त्यातून ४०० न्यूटन काढायचे तर आत जवळपास ८० बार दाब लागतो. टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणूनच जुना स्ट्रट कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, आगीत टाकायचा नाही.

आता तुमच्या बॉनेटला किती जोर हवा ते घरच्या घरी काढता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या, बॉनेटच्या पुढच्या काठाला मधोमध अडकवून सरळ वर ओढा, बॉनेट जेमतेम उचललं गेलं की आकडा वाचा. मग बिजागरीच्या पिनपासून पुढच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. मग बॉनेट दांडीवर पूर्ण उघडं ठेवून तेच अंतर जमिनीला समांतर किती राहतं ते मोजा, काठावरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडला की सोपं जातं. शेवटचं, ब्रॅकेट जिथे येणार त्या खालच्या आणि वरच्या जागेमध्ये सुतळी ताणा आणि बिजागरीच्या पिनपासून सुतळीपर्यंत काटकोनात अंतर किती ते मोजा, एकदा बॉनेट उघडं असताना आणि जमलं तर बंद असताना बाजूने अंदाजाने. हे चार-पाच आकडे द्या, मी हिशोब करून देतो.

रानपाखरू

रविवारी आई आणि मी मिळून मोजलं. तिला फार आवडलं हे, ओळंबा तिनेच धरला. काटा ८ किलो. बिजागरी ते पुढचा काठ १ मीटर, उघडं असताना आडवं अंतर ५७ सेंमी. सुतळीचं काटकोनातलं अंतर उघडं असताना १४ सेंमी, बंद असताना अंदाजे ४ सेंमी. आणि पाना_पक्कड दादा, बुशी खरंच चिरलेली होती, नखाने तुकडा निघाला. नवी बसवली.

मोजून_मापून

छान मापं घेतलीत. ८ किलो म्हणजे साधारण ७८ न्यूटन. पूर्ण उघडं असताना बॉनेट बिजागरीभोवती खाली यायला बघतं ते ७८ गुणिले ०.५७, म्हणजे ४५ न्यूटन मीटरने (फिरवणाऱ्या जोराचं माप). स्ट्रटला हात (बिजागरीपासून सुतळीपर्यंतचं काटकोनातलं अंतर) मिळतोय १४ सेंमीचा, म्हणजे दोन्ही मिळून ३२० न्यूटन हवेत, एकेकाला १६०. ही नुसती बरोबरी झाली, त्यावर पाव भाग जास्तीचा धरला की एकेकी २०० न्यूटन. तुमच्या किटमध्ये त्याच्या दुप्पट आहे.

जास्त असलं तर काय बिघडतं असं वाटेल, ते बघू. ४०० चे दोन लावले तर उघड्या बॉनेटवर वरचा जोर ११२ न्यूटन मीटर, वजन ४५, शिल्लक ६७. म्हणजे बॉनेट बंद करायला सुरुवात करतानाच पुढच्या काठाला, बॉनेटच्या काटकोनात, जवळपास ७ किलोने ओढावं लागणार, तेही काठ डोक्याच्या उंचीवर असताना. आईंचा खांदा लक्षात घ्या. २०० चे लावले तर शिल्लक ११, म्हणजे काठाला १ किलोच्या आसपास ओढलं की बॉनेट यायला लागतं.

दुसरी गोष्ट बंद बॉनेटची, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. दाबलेल्या स्ट्रटचा जोर वाढतो, तीसेक टक्के धरू. ४०० चे दोन म्हणजे बंद असताना १०४० न्यूटन, शंभर किलोच्या वर रेटा. हात फक्त ४ सेंमीचा असल्यामुळे बॉनेट उघडत नाही, पण तो रेटा कुठे गायब होत नाही, तो पत्र्याच्या कडेला आणि बिजागरीला लागलेला असतो, गाडी उभी असताना, चालताना, उन्हात, रात्रंदिवस. बॉनेटच्या आतल्या सांगाड्याला मजबुती बिजागरीपाशी आणि लॉकपाशी दिलेली असते, मधल्या कडेला असेलच असं नाही. कडा वर उचलल्यासारख्या दिसणं, फेंडर (चाकावरचा बाजूचा पत्रा) आणि बॉनेटमधली फट मागेपुढे वेगळी होणं, हे जास्त जोराच्या स्ट्रटमुळे होतं. २०० ला हाच रेटा निम्मा.

तापमानाचंही सांगतो. स्ट्रटवरचा आकडा २० अंशाला असतो. शून्य अंशाला जोर सुमारे ७ टक्क्यांनी कमी, म्हणजे २०० चा १८६. तुम्हाला १६० हवेत, चालून जातं. लांबचा प्रवास करून आल्यावर बॉनेटखाली ८० अंश असेल तर तोच २४० होतो. म्हणून कडक थंडीत बॉनेट आळशी आणि गरम इंजिनवर उतावीळ वाटतं, त्याने घाबरू नका.

साधी_दांडी

हिशोब चोख आहे, मला आवडला. पण बघा, २०० ला जास्तीचा भाग फक्त पाव आहे. सीलमधून तेवढा गॅस गेला की हिशोब बरोबरीवर आला. म्हणजे दर वर्षी लक्ष ठेवणं आलं.

मोजून_मापून

बरोबर, आलंच. त्यावर उत्तर जास्त जोराचा स्ट्रट हे नाही, दांडी जागेवर ठेवणं हे आहे. दांडी काढून फेकायची नाही. डिपस्टिक बघायला स्ट्रट पुरेत, पण डोकं आत घालून अर्धा तास काम करायचं असेल किंवा मागून वारा असेल तर दांडी लावायचीच, मागून आलेला वारा बॉनेटला खाली दाबतो. आणि इथे एक बारीक गोष्ट लोक विसरतात. दांडी खाचेत घालायला बॉनेट दांडीच्या उंचीपेक्षा बोटभर वर जावं लागतं. स्ट्रटची पूर्ण लांबी कमी पडली तर बॉनेट तिथवर पोचतच नाही आणि दांडी असून नसल्यासारखी. तेव्हा उघडी लांबी निवडताना दांडीला जागा ठेवा, पण इतकीही नाही की बॉनेटचा मागचा काठ काचेखालच्या जाळीला टेकेल.

निळी_बस

मधेच विचारतो, माझ्या गाडीला कंपनीनेच एका बाजूला एकच स्ट्रट दिलाय. मग किटवाल्यांचा एकच घेतला तर? निम्म्यात काम.

पाना_पक्कड

कंपनीने एक दिला असेल तर त्या बाजूचा सांगाडा आणि बिजागरी तशी बनवलेली असते. आपण बाहेरून एकच लावला तर बॉनेट एका कोपऱ्यातून उचललं जातं, दुसरा कोपरा मागे राहतो, पत्र्याला पीळ बसतो. हात लावून हलवलं तरी जाणवतं. दोनच लावा, आणि बदलतानाही दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना ठेवू नका.

खिडकीपाशी

दोन गोष्टी तपासा असं सुचवते, कारण या धाग्यात अजून कोणी बोललं नाही.

पहिली, लॉक. बॉनेटला दोन टप्पे असतात, आतून खटका ओढला की पहिला सुटतो आणि बाहेरून बोट घालून जो हूक सरकवतो तो दुसरा. चालत्या गाडीत पहिला टप्पा कधी सुटला तर बॉनेट डोळ्यांसमोर उघडण्यापासून तो दुसरा हूकच वाचवतो. स्ट्रट लावल्यावर त्या हुकावर वर ढकलणारा जोर थोडा वाढतो, तेव्हा हूक गंजलेला, घट्ट झालेला, अर्धाच परत येणारा असेल तर आधी साफ करून ग्रीस लावा. तपासायचं कसं, तर आतून खटका ओढा आणि बाहेरून बॉनेट दोन्ही हातांनी वर खेचा, हुकाने ठामपणे धरलं पाहिजे. मी हे दर सर्व्हिसला करते.

दुसरी, काही गाड्यांना पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेटचा मागचा भाग आपोआप वर उचलला जाण्याची सोय असते, त्याला बिजागरीपाशी फुटून बॉनेट वर ढकलणारे छोटे ॲक्चुएटर असतात. तसली गाडी असेल तर बाहेरचा स्ट्रट अजिबात नको, तो त्या उचलण्याच्या आड येईल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आणि ती सोय नसली तरी बॉनेट धडकेत दबावं अशाच बेताने बनवलेलं असतं, पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी त्याच्या चाचण्या होतात, यूएनचा १२७ क्रमांकाचा नियम त्यासाठीच आहे. म्हणून जाड लोखंडी पट्ट्यांचे ब्रॅकेट पत्र्याला खालून चिकटून राहतील असे बसवू नका. वॉरंटी चालू असेल तर बॉनेट, बिजागरी, रंग याबद्दल नंतर वाद होऊ शकतो, ते आधी लेखी विचारून घ्या.

रानपाखरू

खिडकीपाशी, खूप आभार. मॅन्युअल बघितलं, तशी सोय या गाडीत नाही. वॉरंटी केव्हाच संपलीय. हूक मात्र जरा आळशी होता, सोडला की सावकाश परत यायचा, आईने जुन्या ब्रशने घासून ग्रीस लावलं, आता टकदिशी येतो. हे स्ट्रटशिवायही करायला हवं होतं असं वाटलं.

आईलाही हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, सात किलो मी वरून ओढणार नाही, एक किलो ओढीन. म्हणजे ४०० चं किट बाद. ब्रॅकेट त्या किटचे आणि स्ट्रट वेगळे २०० चे घेता येतात का? बॉल कुठल्या मापाचा ते कसं कळणार?

पाना_पक्कड

येतात. स्ट्रट सुटे मिळतात, पूर्ण लांबी, रॉड किती बाहेर येतो आणि न्यूटन, हे तीन आकडे जुळवायचे. नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या, डब्यावरच्या कागदावर जाऊ नका. बॉल बहुतेक ८ किंवा १० मिमीचा असतो, कॅलिपरने मोजा, ८ च्या बॉलवर स्ट्रटच्या टोकाचा १० चा कप चढवला तर खळखळतो आणि एक दिवस निसटतो.

आता बसवायचं कसं ते सांगतो. बॉनेट दुसऱ्या माणसाने धरायचं, दांडीवरही ठेवायचं, दोन्ही. ब्रॅकेट फेंडरच्या किंवा बिजागरीच्या ज्या बोल्टखाली येतो तो बोल्ट एका वेळी एकच सोडायचा. बिजागरीचे दोन्ही बोल्ट एकदम ढिले केलेत तर बॉनेट जागा सोडतं आणि मग फटी जुळवता जुळवता दिवस जातो. सोडण्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा. ब्रॅकेटखाली रंग खरवडला गेला तर तिथे रंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यानंतर गंजाचा ओघळ दिसेल. ड्रिल मारायची वेळ आली तर माझा सल्ला आहे की थांबा, आतला पत्रा पातळ असतो, बिटचं टोक जरा पुढे गेलं की वरून बॉनेटवर पुळी.

रॉड खालच्या बाजूला आणि नळी वर, असं बसवायचं. आतलं तेल त्यामुळे सीलपाशी राहतं, सील कोरडं पडत नाही आणि बॉनेट शेवटी वर टेकताना तेलातून जाऊन हळू थांबतं. उलटं बसवलं तरी चालतं पण आयुष्य घटतं. रॉडला पक्कड लावायची नाही, कधीच नाही, त्यावर केसाएवढा ओरखडा गेला की तो आतबाहेर होताना सील कापत राहतो. रॉडवर ग्रीस नको, रंग नको, गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सरळ सीलवर नको. कप बॉलवर बसताना टक असा आवाज येतो. काढताना कपाच्या मागची स्प्रिंगची पट्टी छोट्या स्क्रूड्रायव्हरने फक्त उचलायची, पूर्ण ओढून काढायची नाही.

हिरवा_दिवा

आणि पहिल्यांदा बंद करताना लॉकपर्यंत दाबू नका. कागदाच्या चिमट्याचं माप आधी.

रानपाखरू

माप घेतलं. बंद असताना दोन बॉलमध्ये १९८ मिमी. जो स्ट्रट बघितलाय तो पूर्ण लांब ३०५, रॉडची चाल १२०, म्हणजे दाबून १८५ होतो. १३ मिमी शिल्लक राहतात. पुरेत का?

हिरवा_दिवा

दहाच्या आसपास शिल्लक असलं की मला झोप लागते. तुमचे तेरा आहेत. घ्या.

साधी_दांडी

मी माझ्या गाडीला लावणार नाहीच, पण तुमच्या आईंच्या खांद्यासाठी आणि दांडी जागेवर ठेवून लावताय तर माझा विरोध नाही. फक्त एक वचन द्या, दर सहा महिन्यांनी बॉनेट अर्ध्याच्या बरंच वर नेऊन हात सोडून बघा. वर जाण्याऐवजी खाली येऊ लागलं किंवा रॉडवर तेलाचा ओला कड दिसला की त्याच आठवड्यात बदलायचे.

रानपाखरू

बसवले. उशिरा लिहितेय कारण दोन रविवार वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बसवायला मला आणि भावाला दीड तास लागला, त्यात अर्धा तास डावा ब्रॅकेट वायरिंगच्या पाइपला घासत होता तो सोडवण्यात गेला, पाइपचा क्लिप एक खाच पुढे सरकवला. पेन्सिलची रेघ फार कामाची ठरली, फटी आधी होत्या तशाच आहेत, नाणं घालून चारही कोपऱ्यांत बघितलं.

वागणूक अशी आहे. पहिली वीत हातानेच उचलावं लागतं, काट्याने बघितलं तर ८ च्या जागी ६ किलोला थोडं कमी. मग हलकं हलकं होत जातं आणि अर्ध्याच्या बरंच पुढे गेलं की हात सोडला तरी स्वतः वर जातं, शेवटच्या चार बोटांत मंद होऊन थांबतं. मोजून_मापून, तुम्ही १ किलो म्हणाला होतात, बंद करताना काट्यावर सव्वा आलं. आईला काठापर्यंत हात पुरतो पण टाचा उंचवाव्या लागत होत्या म्हणून आतल्या सांगाड्याच्या भोकात कापडी पट्टीचा छोटा फास अडकवलाय, लॉकपासून लांब, लोंबून इंजिनच्या पट्ट्यात येणार नाही इतका आखूड. उजव्या हाताने पट्टी ओढते, अर्ध्यावर आलं की बॉनेट स्वतःच्या वजनाने येतं, मग दोन्ही तळवे लॉकच्या वर ठेवून दाबते. मधे दाबायचं नाही हे तिला सांगायला गेले तर म्हणाली पत्र्यावर खळगा पडतो हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहिती आहे.

गेल्या रविवारी वारा होता. तिने न सांगता दांडीही काढून लावली. दांडी खाचेत जायला बॉनेट बोटभर वर जातं, तेवढी जागा राहिलीय.

पाना_पक्कड

फार बरं वाटलं वाचून. आठवड्याभराने ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघा, नव्याने रंगाला हात दिला असेल तर तो दबतो आणि बोल्ट जरा सैल पडतो.

रानपाखरू

बघितले आत्ताच. तीन जागचे जागी होते, डावीकडचा खालचा पाव फेरा फिरला.